झाड कुणाचं, फळ कुणाचं?



१९९७ साली ब्राझील देशातल्या एका लहानशा पालिकेनं एक कायदा केला. पालिकेचं नाव लागो दो जुंको. तिथली पालिका म्हणजे नुसतं शहर नव्हे. आपला एखादा छोटा तालुका समजा. गावं, शेतं, रान, सगळं तिच्या हद्दीत येतं. कायदा सांगायला सोपा आहे. जमीन कुणाच्याही नावावर असो, तिच्यावरचं बाबासूचं फळ वेचायला आणि फोडायला गरीब घरच्या बायकांना कुणी अडवायचं नाही. कुंपण मालकाचं, गवत मालकाचं, गुरं मालकाची. फळ मात्र वेचणारीचं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पडलेलं फळ तर कुणीही उचलतं. पण हा एवढासा कायदा होण्यासाठी तिथल्या बायकांनी दहा-पंधरा वर्षं मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, माणसं गमावली. असं का झालं हे कळायचं तर त्या राज्याची जमीन कशी आहे, तिथं कोण कुठून आलं आणि कुणाच्या कष्टावर कोण मोठं झालं, हे बघायला लागतं. आज तेच बघू.

राज्याचं नाव मारान्याओ. दक्षिण अमेरिकेच्या नकाशात ब्राझील सगळ्यात मोठा देश. त्याच्या वरच्या अंगाला, अटलांटिक महासागराच्या काठी हे राज्य आहे. विषुववृत्त तिथून अगदी जवळ. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं मोठंच. पण लोकसंख्या बघा. २०२२ च्या जनगणनेत ती ६८ लाखांच्या आत होती. आपण २०११ मध्येच ११ कोटींच्या वर होतो. म्हणजे तिथं जमीन रग्गड आणि माणसं थोडी. तरीही तिथल्या गरिबाला जमीन नाही. हा सगळ्या गोष्टीतला पेच आहे, तो लक्षात ठेवा.

या राज्याचे तीन तोंडवळे आहेत. पश्चिमेला अ‍ॅमेझॉनचं घनदाट जंगल सुरू होतं. दक्षिणेला उंच पठार, खुरटी झाडं आणि गवत. पूर्वेला पाऊस कमी होत जातो आणि पलीकडे दुष्काळी मुलूख लागतो. या तिन्हींच्या मधे ताडामाडांचं रान पसरलेलं आहे. मेआरिम, इटापेकुरू, पिंदारे या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला वाहत समुद्राला मिळतात. पूर्वेची हद्द पारनाईबा नदीनं आखली आहे. पाऊस साधारण जानेवारी ते जून, मग सहा महिने कोरडे. समुद्राजवळच्या सखल भागात पावसाळ्यात शेतांची तळी होतात. लोक होडीनं फिरतात, मासे धरतात आणि पाणी ओसरलं की तिथंच गुरं चारतात. किनाऱ्याला एके ठिकाणी पांढऱ्या वाळूच्या टेकड्या मैलोन्‌मैल पसरल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या खळग्यांत निळं पाणी साचतं. त्या जागेचं नावच ‘लेन्सॉइस’, म्हणजे पलंगावरच्या चादरी. वाळत घातलेल्या चादरींसारखी वाळू दिसते म्हणून.

राजधानी साओ लुईस एका बेटावर आहे. १६१२ साली फ्रेंचांनी तिथं ठाणं वसवलं आणि आपल्या राजाचं, लुईचं नाव दिलं. तीन वर्षांत पोर्तुगीजांनी त्यांना हुसकावलं. मधे १६४१ ते १६४४ डच येऊन गेले. या गोऱ्यांच्या आधी तिथं कोण होतं? गुआजाजारा, तुपिनांबा आणि कितीतरी आदिवासी जमाती. रोगराईनं, लढायांनी आणि गुलामीनं त्यातल्या अनेक संपल्या. गुआजाजारा टिकले. त्यांच्यातलीच सोनिया गुआजाजारा २०२३ साली ब्राझीलची आदिवासी खात्याची पहिली मंत्री झाली.

आता पैशाची गोष्ट. सुरुवातीची दीडशे वर्षं मारान्याओ गरीबच होतं. १७५५ साली पोर्तुगीज सरकारनं एक व्यापारी कंपनी काढली. या कंपनीनं शेतमालकांना उधारीवर आफ्रिकेतली माणसं पुरवली. हो, माणसं. पश्चिम आफ्रिकेच्या गिनीच्या किनाऱ्यावरून बायका-पुरुष पकडून जहाजात भरून आणले जात. त्यांच्याकडून कापूस आणि भात पिकवून घेतला जाई. इंग्लंडात तेव्हा सूत काढायच्या गिरण्या सुरू होत होत्या आणि त्यांना कापूस हवा होता. बघता बघता मारान्याओ श्रीमंत झालं. साओ लुईसमध्ये रंगीत चिनी मातीच्या फरशा लावलेले वाडे उभे राहिले. मालकांची मुलं शिकायला युरोपात जाऊ लागली. आणि देश स्वतंत्र व्हायच्या सुमाराला राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती.

त्या बायका आपल्याबरोबर काहीच आणू शकल्या नसतील असं वाटतं. पण त्यांनी रांधायची रीत आणली. मारान्याओचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ आहे ‘कुशा’. कशाचा करतात माहीत आहे? अंबाडीचा! आपण भाजी करतो तीच आंबट पानांची अंबाडी. ती शिजवून घोटतात, त्यात भाजलेल्या तिळाचं कूट आणि सुकवलेली कोलंबी घालतात आणि भातात कालवून खातात. अंबाडी, तीळ, भात. इतक्या लांबच्या मुलखातलं ताट, पण आपल्याला ओळखीचं वाटेल.

ब्राझील १८२२ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि पुढच्या वर्षी मारान्याओ त्यात सामील झालं. पण गरिबांसाठी काही बदललं नाही. १८३८ साली तिथं मोठा उठाव झाला. गुराखी, कारागीर, छोटे शेतकरी आणि पळालेले गुलाम, सगळे त्यात होते. एक पुढारी टोपल्या विणणारा होता. तिथं टोपलीला ‘बलायो’ म्हणतात, म्हणून उठावाला ‘बलायादा’ नाव पडलं. सैन्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्याच्या मुलींवर अत्याचार केला म्हणून तो उठला, असं सांगतात. दुसरा पुढारी कोस्मे नावाचा काळा माणूस. जंगलात लपून राहणाऱ्या पळालेल्या गुलामांच्या वस्तीला ‘किलोंबो’ म्हणत. कोस्मेच्या किलोंबोत हजारो माणसं जमली होती आणि त्यानं तिथं लिहिण्यावाचण्याची शाळा काढली होती. १८४१ पर्यंत सरकारनं उठाव मोडला. कोस्मेला फाशी झाली.

याच मारान्याओत एक शिक्षिका होऊन गेली, मारिया फिर्मिना दोस रेईस. तिची आजी गुलामगिरीतून सुटलेली होती. १८४७ साली ती परीक्षा देऊन सरकारी शिक्षिका झाली. १८५९ साली तिनं ‘उर्सुला’ नावाची कादंबरी लिहिली. त्यात एक म्हातारी गुलाम बाई स्वतःच्या तोंडानं सांगते की मला आफ्रिकेतून कसं पकडून आणलं, जहाजात काय भोगलं. ब्राझीलमध्ये असं तोवर कुणी लिहिलं नव्हतं. पुस्तकावर तिनं आपलं नाव घातलं नाही. ‘एक मारान्याओची बाई’ एवढंच छापलं. पुढे निवृत्तीच्या सुमाराला तिनं मुला-मुलींची एकत्र, बिनफीची शाळा काढली.

आता १८५० सालाकडे नीट लक्ष द्या. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात, दोन आठवड्यांच्या अंतरानं, ब्राझीलनं दोन कायदे केले. पहिला ४ सप्टेंबरचा. आफ्रिकेतून गुलाम आणणं बंद. दुसरा १८ सप्टेंबरचा. सरकारी जमीन यापुढे फक्त विकतच मिळेल, कसून ताब्यात घेता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र ठेवून बघा म्हणजे डाव कळतो. गुलामगिरी एक ना एक दिवस संपणार हे मालकांना दिसत होतं. सुटलेल्या माणसानं रानात जाऊन स्वतःची जमीन केली तर मालकाच्या शेतात राबणार कोण? म्हणून आधी जमिनीला किंमत लावली. १३ मे १८८८ ला गुलामगिरी कायद्यानं संपली. माणसं मोकळी झाली, पण हातात ना जमीन, ना पैसा.

कापसाचं पुढे काय झालं? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हा ज्या भावानं वऱ्हाड-खानदेशात कापूस खपला, त्याच तेजीत मारान्याओचाही कापूस पुन्हा वर आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. आपल्याकडे शेतकरी सावकाराच्या दारात गेले. तिथं मालकांनी गुलाम दक्षिणेच्या कॉफीच्या मळ्यांना विकले आणि हळूहळू मळेच सोडून दिले. मळे ओस पडले. मागे राहिलेल्या माणसांनी तिथंच कसायला सुरुवात केली. काही जमिनी ‘काळ्यांच्या जमिनी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, काही ‘संताच्या जमिनी’, म्हणजे आपल्या देवस्थानाच्या जमिनीसारख्या. त्यांचा कागद कुणाकडेच नव्हता. पुढे शेजारच्या सेआरा आणि पिआउई राज्यांत दुष्काळ पडले, तिथली कुटुंबं पोटासाठी नद्यांच्या खोऱ्यांत येऊन राहिली. रान तोडायचं, जाळायचं, दोन-तीन वर्षं भात, मका, चवळी, कसावाचे कंद घ्यायचे आणि पुढे सरकायचं, अशी त्यांची शेती.

आणि इथं आपलं झाड गोष्टीत येतं.

बाबासू हा माडाच्या जातीचा वृक्ष. उंची वीस मीटरपर्यंत जाते. त्याची एक खोड आहे. रोप लहान असताना त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली असतो. त्यामुळे रान जाळलं, तोडलं, तरी बाबासू मरत नाही, पुन्हा फुटतो. बाकीची झाडं जातात, हा राहतो. म्हणून जिथं जिथं शेतीसाठी जंगल जळलं, तिथं तिथं बाबासूचं रान माजलं. एकट्या मारान्याओत असं रान सुमारे एक कोटी हेक्टरवर असल्याचा अंदाज आहे. ते कुणी लावलेलं नाही, कुणी त्याला पाणी घातलेलं नाही.

फळ पेरूपेक्षा जरा मोठं, लांबट, आणि कवच दगडासारखं. फोडायची रीत अशी. बाई जमिनीवर बसते. कुऱ्हाडीचं पातं धार वर करून पायाखाली दाबून धरते. एका हातानं फळ धारेवर ठेवते आणि दुसऱ्या हातानं लाकडी दांडक्याचा घाव घालते. हात जरा चुकला तर बोट जातं. एका फळात तीन-चार मगज निघतात. शंभर किलो फळं फोडली तर मगज निघतो सहा-सात किलो. दिवसभराची कमाई साधारण तेवढीच. यंत्रं करून बघितली, पण अख्खा मगज काढायला आजही बाईचा हातच लागतो.

आणि या झाडातून निघत नाही काय? मगजाचं तेल खोबरेलासारखं, स्वयंपाकाला आणि साबणाला चालतं. मगज वाटून दूध काढतात, त्यात मासे शिजवतात. कवचाच्या आत पिठूळ थर असतो, त्याचं पीठ करून लेकरांना लापशी देतात. करवंटीचा कोळसा चुलीला. झावळ्या छपराला, कुडाला, टोपल्यांना. मेलेल्या खोडाचं खत. भात संपून नवीन भात यायच्या आधीचे जे ओढगस्तीचे महिने, त्यांत हेच झाड घर चालवतं. बायका या झाडाला आई म्हणतात.

फळ फोडायला बायका एकट्या जात नाहीत. पाच-दहा जणी मिळून रानात जातात, कधी एकीसाठी सगळ्या मिळून फोडतात. आपल्याकडे शेतात इर्जिक घालतात तसं. लेकरं सोबत, भाकरतुकडा सोबत, गाणी सोबत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला युरोपातल्या कारखान्यांना तेलासाठी हा मगज हवा झाला आणि तो जहाजानं जाऊ लागला. पुढे मारान्याओतच तेलाच्या गिरण्या निघाल्या. गिरणीवाला श्रीमंत, व्यापारी श्रीमंत. गावातला दुकानदार मगज घ्यायचा आणि बदल्यात मीठ, साखर, रॉकेल द्यायचा. भाव त्याचा, वजनही त्याचं.

तरी तोवर फळ मोकळं होतं. घात झाला १९६९ नंतर. त्या वर्षी मारान्याओच्या राज्य सरकारनं जमिनीचा नवा कायदा केला आणि सरकारी जमिनी मोठ्या कंपन्यांना, धनिकांना विकायला काढल्या. विकास करायचा होता. गुरांचे मोठे मोठे फार्म आले, त्यांना सरकारी सवलतीही मिळाल्या. कागद नव्हता ते लोक एका रात्रीत ‘घुसखोर’ ठरले. खोटे कागदही भरपूर झाले. ब्राझीलमध्ये अशा खोट्या कागदवाल्याला ‘ग्रिलेइरो’ म्हणतात. ‘ग्रिलो’ म्हणजे रातकिडा. नवा कोरा खोटा दस्त खोक्यात रातकिड्यांबरोबर ठेवायचा, म्हणजे तो कुरतडून, पिवळा पडून जुना दिसतो, अशी ती युक्ती.

मग कुंपणं पडली. काट्याची तार आली. गवतासाठी बाबासूचे माड हजारोंनी पाडले, मुळाशी विष घातलं. जे राहिले त्यांच्याखालचं फळ मालकाचं झालं. वेचायचं असेल तर अर्धा मगज मालकाला द्या, नाहीतर सगळा मालकाच्याच दुकानात विका. तारेखालून जाणाऱ्या बाईला राखणदार मारायचे, टोपली ओतून टाकायचे, कुऱ्हाड काढून घ्यायचे. बायकांनी दोन शब्द केले: ‘बंदी फळ’ आणि ‘मोकळं फळ’. जे कधीकाळी माणसांना लावायचे, तेच शब्द आता झाडाला लावायची वेळ आली होती.

१९८० च्या दशकात मेआरिम नदीच्या खोऱ्यात संघर्ष पेटला. भाडोत्री बंदूकवाले यायचे, घरं जाळायचे. पुरुष दिसले की आधी त्यांना गोळी किंवा तुरुंग. म्हणून पुरुषांना लपावं लागायचं आणि बायका पुढे व्हायच्या. माड पाडायला माणसं आली की बायका-लेकरं जाऊन झाडाला वेढा घालून उभी राहायची. चर्चमधल्या काही धर्मगुरूंनी आणि शेतमजूर संघटनांनी त्यांना साथ दिली. काही गावांनी लढून आपली जमीन परत मिळवली. पण जमीन मिळाली तरी ती थोडी, आणि माड मात्र कुंपणापलीकडेही. म्हणून बायकांनी वेगळी मागणी केली. आम्हाला तुमची सगळी जमीन नको. झाड पाडू नका आणि आम्हाला फळापर्यंत जाऊ द्या. जमीन एकाची आणि झाडावरचा हक्क सगळ्यांचा, हा विचार त्यांनी मांडला.

१९९१ साली मारान्याओ, पिआउई, पारा आणि टोकांटिन्स या चार राज्यांतल्या बायका साओ लुईसला जमल्या आणि त्यांनी बाबासू फोडणाऱ्या बायकांची चळवळ उभी केली. या चार राज्यांत मिळून असं काम करणाऱ्या बायका तीन लाखांहून जास्त असाव्यात असा अंदाज आहे. तोवर त्या स्वतःला काय म्हणायच्या? ‘काही नाही, घरीच असते.’ सरकारी कागदावरही त्यांचा धंदा लिहिला जात नव्हता. आता त्या सांगू लागल्या, ‘मी बाबासू फोडणारी.’ चळवळीच्या सुरुवातीपासूनच्या पुढाऱ्यांत दोना दिजे हे नाव मोठं. त्या किलोंबोच्या वंशातल्या, मोंते आलेग्रे गावच्या. २०१८ मध्ये त्या वारल्या.

आणि मग १९९७. त्याच वर्षी युनेस्कोनं साओ लुईसच्या जुन्या वाड्यांना जागतिक वारसा ठरवलं. कापसाच्या पैशातून, गुलामांच्या कष्टातून उभे राहिलेले ते वाडे जगानं जपायचे ठरवले. आणि लागो दो जुंकोत बायकांनी पाठपुरावा करकरून बाबासूच्या झाडाला कायद्याचं संरक्षण मिळवलं. त्यानंतर आजूबाजूच्या डझनाहून जास्त पालिकांनी असे कायदे केले. माड पाडायचा नाही, घड कच्चा तोडायचा नाही, विष घालायचं नाही, अशा अटी त्यांत आल्या. २००८ साली शेजारच्या टोकांटिन्सनं राज्याचाच कायदा केला.

पण नुसत्या कायद्यानं पोट भरत नाही, हे त्या ओळखून होत्या. १९९० च्या सुमाराला परदेशातून स्वस्त पामचं तेल येऊ लागलं, बाबासूच्या गिरण्या बंद पडू लागल्या, मगजाचा भाव पडला. तेव्हा लागो दो जुंकोच्या शेतकऱ्यांनी आणि बायकांनी १९९१ साली सहकारी संस्था काढली. गावोगाव संस्थेची छोटी दुकानं सुरू केली. बाईनं मगज आणायचा, समोर वजन करायचं, पैसे किंवा सामान घ्यायचं. मधला व्यापारी उडाला. मग स्वतःचा तेलघाणा लावला. १९९० च्या दशकातच त्यांचं तेल ब्रिटनमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडे जाऊ लागलं. बायकांच्या मंडळानं लुदोविको गावात साबण करायला घेतला. पिठाच्या थराची बिस्किटं करायला लागल्या. २००९ साली ब्राझीलमध्ये कायदा झाला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचे. मग बाबासूचं पीठ आणि बिस्किटं शाळेतही पोहोचली. मगजाला सरकारची किमान किंमतही मिळाली. बाजारात भाव कमी असेल तर फरक सरकार देतं, मात्र त्यासाठी कागदपत्रं आणि विक्रीची पावती लागते. संस्थेत असलेल्या बाईला ते जमतं, एकटीला जड जातं.

आता सगळं चांगलं झालं का? नाही. आजच्या मारान्याओकडे बघा. पलीकडच्या पारा राज्यात काराजासच्या डोंगरात लोखंडाचा प्रचंड साठा आहे. तिथून साओ लुईसच्या बंदरापर्यंत ८९२ किलोमीटरची रेल्वे १९८५ साली सुरू झाली. बंदराला खोल पाणी आहे, जगातली मोठ्यांत मोठी जहाजं लागतात. लोखंड जातं, दक्षिणेच्या पठारावरचं सोयाबीन जातं, अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आहे. समोरच्या किनाऱ्यावर अल्कांताराला रॉकेट सोडायचं केंद्र आहे, आणि त्यासाठी १९८० च्या दशकात किलोंबोच्या वंशातली ३१२ कुटुंबं समुद्रकाठावरून उठवून आत नेऊन ठेवली. मासे धरणाऱ्या माणसांना समुद्रापासून लांब शेती दिली. राज्यातून एवढी संपत्ती वाहून जाते, पण माणशी घरगुती उत्पन्नात मारान्याओ गेली काही वर्षं ब्राझीलच्या सगळ्या राज्यांत तळाला आहे. रेल्वे गावावरून जाते, गावात थांबत नाही, असं म्हणा ना.

सोयाबीन सरकत सरकत बाबासूच्या रानापर्यंत आलं आहे. सखल भागात काही ठिकाणी तारेत वीज सोडतात. कच्च्या लोखंडाच्या भट्ट्यांनी मधे अख्खी फळंच कोळशासाठी विकत घ्यायला सुरुवात केली होती. अख्खं फळ विकायला सोपं, फोडायचे कष्ट नाहीत. पण बायकांनी हिशोब मांडला. अख्खं फळ गेलं की तेल गेलं, पीठ गेलं, दूध गेलं, आणि वेचायला ट्रॅक्टरवाले पुरुष आले की बायकांचं कामही गेलं. म्हणून चळवळीनं त्याला विरोध केला. आजही प्रत्येक पालिकेत निवडणूक झाली की नवीन लोकांना तोच कायदा पुन्हा समजावून सांगावा लागतो. जिथं बायकांचं मंडळ जागं आहे तिथं कायदा चालतो. जिथं मंडळ झोपलं तिथं तो कागदावरच राहतो.

जून महिन्यात मारान्याओत बैलाचा मोठा सण असतो. त्यातली कथा अशी: कातिरिना नावाची गरीब बाई गरोदर असते. तिला डोहाळे लागतात बैलाची जीभ खायचे. नवरा मालकाचा लाडका बैल मारतो. मालक चिडतो, नवऱ्याला पकडतात, शेवटी वैदू येऊन बैलाला जिवंत करतात आणि सगळे नाचतात. खेळात बैल उठतो आणि मालक माफ करतो. खऱ्या आयुष्यात मालकाची गुरं आली तेव्हा माफी कुणी दिली नाही. ती बायकांनी मागितलीही नाही. त्यांनी हक्क मागितला, आणि तो लेखी करून घेतला.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की पाच मिनिटं एवढंच बोला. आपल्या शिवारात असं काय आहे, जे कुणी लावलेलं नाही पण ज्याच्यावर आपल्यातल्या कुणाची तरी चूल पेटते? त्याच्यापर्यंतची वाट आज मोकळी आहे का? आणि ती मोकळी आहे हे कुठं लिहून ठेवलेलं आहे का?